बोलणारे दुकान



बाजार म्हटला की आठवड्याचा ठरलेला वार, हातातली पिशवी, ओळखीचा दुकानदार आणि थोडीशी घासाघीस हेच चित्र आपल्यापुढे उभे राहते. परंतु गेल्या चार-साडेचार दशकांत एक निराळेच दुकान जगात निघाले. ते गिऱ्हाइकाची वाट पाहत बसले नाही. ते स्वतःच गिऱ्हाइकाच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसले आणि रात्रंदिवस बोलत राहिले. दूरचित्रवाणीवर वस्तू दाखवून फोनवरून मागणी घेणाऱ्या वाहिन्यांविषयी आम्ही हे लिहीत आहोत. ज्या अमेरिकेत हे दुकान जन्मास आले, तेथेच आज त्याचे भवितव्य डळमळीत झाले आहे. कारण त्याचे गिऱ्हाईक म्हातारे झाले आणि नवे गिऱ्हाईक येईनासे झाले. त्या लांबच्या व्यापाराशी आम्हां खेड्यांतील लोकांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांपाशी येऊन पोचतो.

प्रथम या दुकानाची जन्मकथा पाहू. १९७७ साली फ्लॉरिडा राज्यातील क्लिअरवॉटर येथे बड पॅक्सन नामक गृहस्थांचे एक लहानसे नभोवाणी केंद्र होते. त्यांच्या एका जाहिरातदारास जाहिरातीचे पैसे देणे जमेना. तेव्हा पैशांच्या ऐवजी त्याने पत्र्याचे डबे उघडण्याची विजेवर चालणारी ११२ यंत्रे देऊ केली. पॅक्सन यांनी आपले निवेदक बॉब सर्कोस्टा यांना ती नभोवाणीवरूनच विकावयास सांगितली, आणि ९ डॉलर ९५ सेंटला एक याप्रमाणे ती सारीच्या सारी खपली! त्यातून १९८२ साली पॅक्सन आणि रॉय स्पीअर यांनी स्थानिक केबलवर विक्रीची वाहिनी काढली आणि १९८५ साली ती होम शॉपिंग नेटवर्क या नावाने देशभर दिसू लागली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८६ च्या नोव्हेंबरात, जोसेफ सीगल यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यात वेस्ट चेस्टर येथे क्यूव्हीसी ही वाहिनी सुरू केली. गुणवत्ता, किंमत आणि सोय या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे होत. पुष्कळ वर्षे या वाहिनीने नाताळचा एक दिवस सोडून वर्षभर, अष्टौप्रहर थेट प्रक्षेपण केले.

या व्यापाराची रीत समजून घेण्याजोगी आहे. निवेदिका कढई, साखळी किंवा अंगरखा हाती घेऊन उभी असते. कोणत्या क्षणी किती मागण्या येत आहेत, हे पडद्यामागील माणसास आकड्यांत दिसते, आणि तो ते तिच्या कानात बसवलेल्या लहान यंत्रातून तिला सांगतो. एखाद्या वाक्यासरशी मागण्या वाढल्या की ती तेच वाक्य फिरून बोलते. पडद्याच्या कडेस किंमत असते, हप्त्यांची सोय लिहिलेली असते, आणि माल संपत आल्याची घाईही दाखविलेली असते. न आवडल्यास तीस दिवसांत वस्तू परत करता येते. इथवर हे दुकानदारीचेच चातुर्य झाले. परंतु त्यात आणखीही एक गोष्ट होती. पूर्वी घेतलेल्या वस्तूविषयी बोलावयास एखादी गिऱ्हाईक बाई फोन करी आणि तिचा आवाज साऱ्या देशास ऐकविला जाई. ती कढईविषयी बोले. बोलता बोलता कढईत केलेल्या पदार्थाविषयी आणि तो खाणाऱ्या नातवंडांविषयीही बोले. निवेदिका तिला नावाने हाक मारी आणि कौतुकाने सर्व ऐकून घेई.

आमच्या मते या व्यापाराचे मर्म त्या फोनमध्ये आहे. घरात दिवसभर एकट्या राहणाऱ्या माणसाला कोणीतरी उद्देशून बोलत होते. ठरावीक वेळी तीच ओळखीची मुद्रा, तोच आवाज, तीच विचारपूस. वस्तूची किंमत ती बाई देत असे खरी, पण त्या किमतीत सोबतीचाही मोबदला मिसळलेला असे. एकदा गिऱ्हाईक झालेली बाई पुनःपुन्हा गिऱ्हाईक होई, याचे कारण आम्हांस येथे दिसते. क्यूव्हीसीच्या अमेरिकेतील विक्रीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक विक्री जुन्याच गिऱ्हाइकांकडून होते, असे त्या कंपनीच्या अहवालांवरून दिसते. तिचे बळही तेच आणि तिचे दुखणेही तेच. जुने माणूस सोडून जात नाही; पण जुने माणूस दर वर्षी एका वर्षाने म्हातारे होते.

आता पडता काळ पाहा. तरुण कुटुंबांनी केबलची जोडणी तोडली. मोबाईल फोनवर हवे ते, हवे तेव्हा पाहावयाची त्यांना सवय लागली. वाहिन्या चाळता चाळता वाटेत हे दुकान लागे आणि माणूस सहज थबके, ती वाटच बंद झाली. २०१७ च्या अखेरीस क्यूव्हीसीच्या मालकांनी आपली जुनी प्रतिस्पर्धी होम शॉपिंग नेटवर्क ही विकत घेतली. २०२० साली, जग घरात कोंडले गेले होते तेव्हा, या समूहाची विक्री सुमारे १,४०० कोटी डॉलर झाली. २०२४ साली ती सुमारे १,००० कोटी डॉलरवर आली. मधल्या काळात त्यांनी आपली एक कंपनी विकली, हेही त्या घटीत धरावयास हवे. तथापि उतार स्पष्टच आहे. २०२५ साली फ्लॉरिडातील होम शॉपिंग नेटवर्कचे जुने ठाणे बंद करून तेथील काम वेस्ट चेस्टरला हलविण्याचे ठरले, आणि त्याच वर्षी सुमारे ९०० नोकऱ्या कमी करण्यात आल्या.

दक्षिण कोरियात हा व्यापार १९९५ पासून भरभराटीस आला. तेथील दुखणे निराळे आहे. लोकप्रिय वाहिन्यांच्या शेजारचा क्रमांक मिळावा म्हणून विक्रीवाहिन्या केबल कंपन्यांना भाडे देतात. प्रेक्षक घटत गेले, पण भाडे वाढतच राहिले. २०२३ साली प्रक्षेपणातून मिळालेल्या उत्पन्नाचे सत्तर टक्क्यांहून अधिक पैसे या भाड्यातच गेले. हमरस्त्यावरच्या दुकानाचे भाडे वाढत जावे आणि रस्त्यावरची वर्दळ मात्र ओसरत जावी, तशी ही स्थिती आहे.

अशा वेळी या कंपन्यांपुढे दोन मार्ग आहेत आणि क्यूव्हीसीने दोन्ही धरले आहेत. २०२४ साली तिने पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांना उद्देशून मोठी मोहीम काढली. जे गिऱ्हाईक आहे त्याचाच मान राखावा, हा विचार त्यात होता. २०२५ साली तिने टिकटॉकवर चोवीस तास थेट विक्री सुरू केली. म्हणजे तरुण जेथे गेले तेथे आपणही जावे. यांतील कोणता मार्ग तारील, याचा निर्णय काळच करील. आम्हांस चिंता वाटते ती त्या दोहोंच्या मध्ये सापडणाऱ्या माणसाची. ज्यास मोबाईलवरचे दुकान वापरता येत नाही आणि ज्याचे दूरचित्रवाणीवरचे दुकान उद्या मिटेल, त्या माणसाची दुपार कशी जावी?

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात चोवीस तास चालणारी पहिली विक्रीवाहिनी, होमशॉप १८, ही २००८ साली निघाली. पाठोपाठ कोरियातील सीजे कंपनीच्या भागीदारीने स्टार सीजे आली. पुढे तिचे नाव शॉप सीजे झाले आणि २०१८ साली होमशॉप १८ नेच तिला विकत घेतले. वस्तू दारात आल्यावर पैसे द्यावयाचे, या सोयीमुळे खेड्यांतही या वाहिन्यांवर विश्वास बसला. साड्या, भांड्यांचे संच, गुडघ्यांचे पट्टे, व्यायामाची यंत्रे अशा वस्तू घरोघर आल्या. त्यांतील काही उपयोगी पडल्या, काही माळ्यावर गेल्या.

याच काळात रात्रीच्या वेळी निरनिराळ्या वाहिन्यांवर दैवी शक्तीच्या यंत्रांच्या आणि कवचांच्या जाहिराती सुरू झाल्या. कर्ज फिटेल, आजार जाईल, मुलाचे लग्न जमेल, अशी आश्वासने त्यांत असत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२१ च्या जानेवारीत अशा जाहिराती बेकायदेशीर ठरविल्या. निर्णय योग्यच झाला. परंतु त्या जाहिराती रात्री उशिरा का दाखविल्या जात, याचाही विचार आपण करावा. त्या वेळी कोण जागे असते? ज्यास झोप लागत नाही, ज्याचा आजार बरा होत नाही, ज्याची मुले दूर आहेत, ते माणूस.

आमच्या भागातील किती घरे आज अशी आहेत! मुलगा आखातात, सून पुण्यात किंवा बेंगळूरला, नातवंडे वर्षातून एकदा सुट्टीला येतात. मागे राहतात आजी आणि आजोबा. त्यांतले एक गेले की एकटे दुसरे. घरभेटीस गेलो असता आम्हांस पुष्कळदा दिसते की दूरचित्रवाणी चालू असते, पण पाहावयास समोर कोणी नसते. स्वयंपाकघरातून ती ऐकली जाते. घरात आवाज असावा, एवढ्यासाठीच ती लावलेली असते.

अशा माणसाने एखादी निरुपयोगी वस्तू मागविली तर मुले फोनवरून रागावतात. “पैसे झाडाला लागतात काय?” असे ऐकवितात. पैशांची काळजी करणे चूक नाही. परंतु रागावण्याआधी मुलांनी एक प्रश्न स्वतःस विचारावा: त्या आठवड्यात आईशी दहा मिनिटे सलग कोण बोलले होते? जर त्या वस्तूच्या विक्रेत्याखेरीज कोणीच बोलले नसेल, तर दोष एकट्या आईच्या पदरी कसा घालावा?

पुढील काळ तर अधिक अवघड आहे. दूरचित्रवाणीवरील दुकानास निदान एक नाव होते, एक फोन क्रमांक होता, आणि ते सर्वांदेखत चालत असे. आता आजीच्या हाती नातवाचा जुना मोबाईल येतो. त्यावर मिनिटभराच्या चित्रफिती एकामागून एक येतात. विकणारा कोण, कोठला, याचा पत्ता लागत नाही, आणि पैसे बोटाच्या एका स्पर्शाने जातात. शेजारी बसलेल्यासही काही कळत नाही. जुने दुकान मिटले म्हणजे त्याची जागा रिकामी राहील असे नाही. कोणीतरी ती घेईलच. ती कोणी घ्यावी, हे ठरविणे मात्र अजून आपल्या हाती आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवितो. घरातील वृद्धांना खरेदीची बंदी करू नये. काही मागविण्यापूर्वी घरातल्या कोणाला तरी एकदा सांगावे, एवढेच ठरवून घ्यावे, आणि सांगितल्यावर हसू नये. पावती आणि खोके महिनाभर जपावे. फसवणूक झाली तर लाजून गप्प बसू नये. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार सांगता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. त्यासाठी वकील लागतोच असे नाही, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्कही पडत नाही. गावातील शिकलेल्या तरुणांनी आपल्या आळीतील वृद्धांसाठी हे काम आनंदाने करावे.

आणि दूर असलेल्या मुलांनी फोनची एक वेळ ठरवावी. ती वेळ रोजची असली तर उत्तम. नाही तर आठवड्यातून दोनदा, पण ठरलेली. त्या दुकानाने माणसे जोडली ती ठरल्या वेळी नेमाने हजर राहून, आणि तेवढा गुण आपण त्याच्याकडून खुशाल घ्यावा. फोनवर पैशांचा आणि औषधांचा हिशेब झाल्यावर आईने आज काय रांधले, हेही विचारावे आणि तिचे सांगणे संपेपर्यंत फोन ठेवू नये.