मशीनगन आणि नकाराचा हक्क

सैन्याच्या शस्त्रास्त्रांचे प्रदर्शन भरले की मशीनगनभोवती हमखास गर्दी जमते, आणि प्रश्नही ठरलेलेच असतात. मिनिटाला गोळ्या किती सुटतात? मारा किती लांब जातो? ती प्रथम कोणी बनविली? हे कुतूहल स्वाभाविक आहे. परंतु या यंत्राने राज्यकर्ते आणि जनता यांच्या संबंधांत कोणता पालट घडविला, हा प्रश्न त्या गर्दीत क्वचितच ऐकू येतो. खरा प्रश्न तोच आहे.

अमेरिकेत जन्मलेल्या हायरम मॅक्सिम याने १८८४ च्या सुमारास लंडनमध्ये पहिली खरीखुरी स्वयंचलित मशीनगन सिद्ध केली. गोळी सुटताना बंदूक मागे धक्का देते. शिपायाच्या खांद्यात वाया जाणारा हा धक्का मॅक्सिमने कामास लावला. त्याच्याच जोरावर रिकामे काडतूस बाहेर पडते, भरलेले आत सरकते आणि कळ दाबून धरली आहे तोवर मारा चालू राहतो. वेग मिनिटाला सुमारे ६०० गोळ्यांचा. नळी तापून निकामी होऊ नये म्हणून तिच्याभोवती पाण्याचे वेष्टन. एका तुकडीचे काम मूठभर माणसे करू लागली.

या शोधाचे मोल साम्राज्यशाहीने तत्काळ ओळखले. १८९३ मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीने माताबेलेंचे राज्य याच तोफांच्या बळावर गिळले. १८९८ मध्ये सुदानात ओमदुर्मान येथे तोफा, रायफली आणि मॅक्सिम यांच्या माऱ्याखाली एका सकाळी सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. इंग्रजांच्या बाजूचे मृत पन्नासाच्या आत होते. १९०४ मध्ये तिबेटात गुरू येथे तोच प्रकार घडला, आणि त्या मोहिमेतील बहुसंख्य शिपाई हिंदी होते, हे विसरता येत नाही. पुढे १ जुलै १९१६ रोजी सोम नदीकाठी मॅक्सिमच्याच धर्तीच्या जर्मन मशीनगन इंग्रज तरुणांवर चालल्या. त्या एका दिवसात १९ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक ठार झाले. गोऱ्या कामगाराचे रक्तही या यंत्राला वर्ज्य नव्हते.

मात्र मृतांच्या संख्येइतकीच आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पूर्वी सत्तेला शंभर माणसे मारावयाची तर अनेक हात लागत, आणि हातांमागे मने असत. त्यांतील काही मने डळमळण्याचा धोका प्रत्येक जुलमी राजवटीला होता. मशीनगनने हा धोका कमी केला. १३ एप्रिल १९१९ रोजी डायर जालियनवाला बागेत गेला तेव्हा मशीनगन बसविलेल्या दोन चिलखती मोटारी त्याच्यासोबत होत्या. बोळ अरुंद म्हणून त्या बाहेर राहिल्या. आत पन्नास रायफलधाऱ्यांनी सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या. मॅक्सिमच्या वेगाने तेवढ्या गोळ्यांना एका बंदुकीची तीन मिनिटेही लागत नाहीत. मोटारी आत नेता आल्या असत्या तर बहुधा त्या वापरल्या असत्या, असे डायरने हंटर समितीपुढे सांगितले.

याच्या उलट दृश्य एप्रिल १९३० मध्ये पेशावरात दिसले. किस्सा ख्वानी बाजारात चिलखती मोटारींतून गोळीबार झाला. पण गढवाल रायफल्सच्या शिपायांनी चंद्रसिंह गढवालींच्या नेतृत्वाखाली निःशस्त्र पठाणांवर गोळी चालविण्यास नकार दिला. हिंदू शिपाई मुसलमान जमावावर बेधडक बंदूक रोखतील, हा साम्राज्याचा हिशेब त्यांनी चुकविला. लष्करी न्यायालयाने त्यांना दीर्घ शिक्षा दिल्या. त्या नकाराची सत्तेला किती धास्ती होती, याचा तोच पुरावा होय.

आज हा प्रश्न पुढच्या टप्प्यावर आला आहे. लक्ष्य निवडून स्वतःच मारा करणारी शस्त्रे तयार होत आहेत. तेथे कळ दाबणारा शेवटचा माणूसही उरणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत या शस्त्रांसंबंधी चिंता व्यक्त करणारा ठराव १५२ मतांनी संमत झाला. विरोधात अवघी चार मते पडली आणि त्यांत एक भारताचे होते. ही चर्चा जिनिव्हातील पारंपरिक शस्त्रविषयक कराराच्या चौकटीतच व्हावी, अशी भारताची भूमिका आहे. सीमेचे रक्षण करणाऱ्या जवानाच्या हाती उत्तम शस्त्र असावे, याविषयी वाद नाही. परंतु चर्चेचे स्थान कोणते, या तांत्रिक मुद्द्यापेक्षा माणसाचा निर्णयाधिकार मोठा आहे.

जालियनवाला आणि पेशावर या दोन्ही आठवणी ज्या देशाच्या आहेत, त्याने या प्रश्नावर मूठभरांच्या पंगतीत बसणे शोभत नाही. सरकारने संसदेपुढे आपली भूमिका स्पष्ट करावी, आणि माणसाच्या हुकमाविना प्राण घेणाऱ्या शस्त्रांवर बंदीची मागणी भारतानेच पुढाकार घेऊन करावी. यंत्राला हुकूम पाळता येतो. तो नाकारणे माणसालाच जमते, आणि हा हक्क यंत्राच्या स्वाधीन करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.