मीटर नव्हे, इंजिन पाहा

आपल्या कारागीर व छोट्या व्यापारी बांधवांची पहिली गाडी बहुधा जुनीच असते. फर्निचर, भाजी, भंगार वाहण्यासाठी डिझेल टेम्पो घेताना ते आधी मीटर पाहतात. आमच्या मते चूक इथेच होते. मीटर मागे फिरवता येते. ३ लाख किलोमीटर धावलेली, पण वेळेवर ऑइल बदललेली गाडी आम्ही केव्हाही पसंत करू.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. दलालाने ती आधीच गरम करून ठेवली असेल तर सरळ परत फिरावे. चालू इंजिनचे ऑइलचे झाकण काढल्यावर धुराचा झोत आला, तर रिंग-पिस्टन झिजले समजा. सायलेन्सरचा निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर पंप-नोझलच्या दोषानेही येतो. जाड ऑइल घालून असे इंजिन गळ्यात मारणारे आपल्यातही आहेत. त्याला आम्ही धंदा म्हणत नाही.

मग कागद. ८ वर्षांवरील मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागते, तो खर्च भावातून वजा करावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम मोजू नये.