आमच्या खोलीचं सेटिंग कोणी केलं?

गेल्या मे महिन्यात मी पवईच्या एका टॉवरमध्ये थर्मोस्टॅट बसवत होतो. घर मोठं होतं. फॉल्स सीलिंगच्या आत डक्टेबल एसी आणि भिंतीवर जुना, फिरवायच्या बटणाचा थर्मोस्टॅट. तो काढून प्रोग्रॅमेबल लावायचा होता. काम तसं सोपं असतं. आधी एमसीबी पाडायचा. टेस्टर लावून खात्री करायची. जुन्याचं झाकण काढून मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि प्रत्येक वायरला तिच्या टर्मिनलचं अक्षर लिहिलेली चिकटपट्टी लावायची. जुन्याचं दोन-तीन वायरींवर भागायचं. नव्याला स्क्रीन आणि वाय-फाय असतं, त्याला सतत वीज लागते, म्हणून बऱ्याचदा एक जादा वायर ओढावी लागते. जागाही बघावी लागते: जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, आतल्या भिंतीवर, ऊन येणार नाही, दाराचा वारा लागणार नाही, शेजारी टीव्ही किंवा दिवा नसेल अशी. नाहीतर त्याला खोलीचं तापमान कळत नाही, दिव्याचं कळतं.

मग प्रोग्रॅम करायचा. उठताना किती, ऑफिसला निघताना किती, परतताना किती, झोपताना किती. सातही दिवसांचं. मॅडम म्हणाल्या, "दादा, चोवीसच ठेवा. त्याच्या खाली आम्ही जातच नाही." मी २४ लावलं, तर स्क्रीनवर एक हिरवं पान उगवलं. वीज वाचवलीत म्हणून शाबासकी. मॅडमना बरं वाटलं. निघताना म्हणाल्या, "तुमच्याकडेही सगळ्यांना सांगा हं. एक डिग्री वाढवली की सहा टक्के वीज वाचते."

त्या चुकीचं सांगत नव्हत्या. सहा टक्क्यांचा हा हिशेब ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचाच आहे. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचा प्रत्येक घरगुती एसी सुरू करताच २४वर आला पाहिजे असा नियम आहे. जून २०२५मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी एसी २० ते २८ अंशांमध्येच चालतील अशी तरतूद आणणार असल्याचं जाहीर केलं. म्हणजे खोलीचं तापमान हा सरकारी विषय आहे, हे सरकारलाच मान्य आहे. मुद्दा इतकाच, की कोणाच्या खोलीचं?

मी मानखुर्दला राहतो, लल्लुभाई कंपाउंडमध्ये. त्या रात्री घरी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. कामाचा डिजिटल थर्मामीटर बॅगेत होता. नियमाप्रमाणे आतल्या भिंतीवर, पाच फुटांवर लावला. पंधरा मिनिटांनी आकडा बघितला: ३४. रात्री अकराला. पंखा फुल. आई दाराबाहेर पॅसेजमध्ये चटई टाकून बसली होती. मजल्यावरच्या सगळ्या बाया तिथेच होत्या. घर असून माणसं रात्री घराबाहेर बसतात, ही आमच्या मे महिन्याची ओळख आहे.

थर्मोस्टॅट समजून घ्यायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. त्यात तीनच गोष्टी असतात. एक, खोली मोजणारा सेन्सर. दोन, खोली किती गार हवी हे ठरवलेला आकडा. तीन, आकडा चुकला की यंत्र चालू करणारा स्विच. मोजणं, ठरवणं, बदलणं. आता हे तिन्ही घेऊन मानखुर्दला चला.

आधी मोजणं. मुंबईचं तापमान म्हणून तुमच्या फोनवर जो सरकारी आकडा येतो तो सांताक्रूझ किंवा कुलाब्याच्या वेधशाळेचा. तिथे थर्मामीटर मोकळ्या जागेत, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, हवा खेळती राहील असा ठेवतात. हवामान मोजायची तीच योग्य रीत आहे. पण माणूस त्या पेटीत राहत नाही. हवामान खात्याच्या निकषानुसार किनाऱ्यावर उष्णतेची लाट जाहीर व्हायची तर कमाल तापमान निदान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर असावं लागतं. आमच्या सातव्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता रात्रभर खाली सोडतो. बाहेर हवा उतरते तेव्हा आत भट्टी पेटलेली असते. कुठल्याही इशाऱ्यात, कुठल्याही रकान्यात तो ३४चा आकडा नाही. मी ग्राहकांना सांगतो, सेन्सर चुकीच्या जागी लावला तर सगळा प्रोग्रॅम फुकट जातो. शहराचा सेन्सर आमच्या खोलीत नाहीच, मग शहराच्या प्रोग्रॅममध्ये आम्ही येणार कुठून?

दुसरं, ठरवणं. लोकांना वाटतं आमच्या खोलीचं तापमान कोणी ठरवलेलं नाही, ते आपोआप, निसर्गाने, गरिबीने झालंय. खोटं आहे. ते कागदावर ठरलंय. आमची झोपडी रेल्वे रुळांच्या कडेला होती. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात, म्हणजे एमयूटीपीत, रूळ मोकळे करायचे होते म्हणून आम्हाला इथे आणलं. २२५ चौरस फुटांची खोली, सात मजले, आणि समोरच्या इमारतीपासून अंतर जेमतेम तीन मीटर. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत मिळते. सवलत हा शब्द ऐकायला छान आहे. आमच्याकडे ती वाऱ्याला मिळाली: त्याने यायची गरज नाही. खालच्या मजल्यांना उजेडही माफ. पहिल्या मजल्यावर भर दुपारी ट्यूबलाइट लावून मुलं अभ्यास करतात. ज्याने नकाशा काढला आणि ज्याने त्यावर सही केली, त्यांनीच आमच्या खोलीचा आकडा लावून ठेवला. पुढची पन्नास वर्षं, सातही दिवस, चोवीस तास.

हे फक्त घामाचं प्रकरण नाही. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने इथल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला. लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड त्यात होते. जिथे ऊन आणि हवा कमी पोचते तिथे क्षयरोग जास्त, असं त्यात दिसलं. तीन मीटरच्या अंतराचं बिल असं फुफ्फुसांत येतं.

तिसरं, बदलणं. इथे मला कोणीतरी म्हणणारच: मग एसी घ्या ना, हप्त्यावर मिळतो. घेतात. आमच्या इमारतीतही घेतलेत, आणि त्यातले दोन मीच बसवलेत. त्यातल्या एकाची गोष्ट सांगतो, कारण त्यात गुन्हेगार मी आहे.

आमच्या विंगमधल्या एका काकांनी दीड टनाचा स्प्लिट घेतला. त्यांच्या सुनेला बाळ झालं होतं, मे महिना होता, बाळाच्या अंगावर घामोळ्यांनी जागा उरली नव्हती. मी मजुरी घेतली नाही. आउटडोअर युनिट लावायला जागा एकच होती, त्या तीन मीटरच्या बोळात. आता एसी म्हणजे काय ते नीट ऐका. एसी थंडी तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. दीड टन म्हणजे साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता. ती उचलायला वर दीडेक किलोवॅट वीज खातो. तीही उष्णता होऊन बाहेरच पडते. म्हणजे जवळपास पावणेसात किलोवॅटचा झोत, समोरच्या खिडकीवर. समोरच्या खिडकीत एक ताई इमिटेशन दागिन्यांना खडे चिकटवायचं काम करतात. त्या कामात पंखा लावता येत नाही, खडे उडतात आणि गोंद वेळेआधी सुकतो. त्या खिडकीच्या वाऱ्यावर बसायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं. ओरडल्या नाहीत. "भाऊ, त्याचं तोंड जरा फिरवता येईल का रे?"

फिरवता येत नव्हतं. फिरवून कुठे करणार होतो? तिकडेही कोणाची तरी खिडकीच होती. त्यांनी खिडकी बंद केली. अजून बंद आहे.

बाळाला झोप हवी होती हे खरं, आणि ताईंना वारा हवा होता हेही खरं. दोघांत चूक कोणाचीच नाही. पण दोघांना एकमेकांच्या विरोधात उभं करायला तीन मीटर पुरले. अशा इमारतीत एसी म्हणजे माझी उष्णता तुझ्या घरात. पवईतही तेच घडतं, फक्त तिथे बाहेर फेकलेली उष्णता कोणाच्या खिडकीत गेली ते दिसत नाही. म्हणून तिथे हिरवं पान उगवतं.

थर्मोस्टॅटचा जन्म कसा झाला हे मला आयटीआयला कोणी शिकवलं नव्हतं, नंतर वाचलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वॉरन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. शाळेचा शिपाई वर्गावर्गांतून फिरून तापमान बघायचा आणि मग तळघरात जाऊन गरम हवेच्या झडपा कमी-जास्त करायचा. त्याच्या येण्या-जाण्याने शिकवणं मोडायचं. जॉन्सननी युक्ती काढली: वर्गात उपकरण, तळघरात घंटा. खोली गार किंवा गरम झाली की घंटा वाजणार आणि शिपाई झडप फिरवणार. १८८३मध्ये त्यांना पेटंट मिळालं. म्हणजे पहिल्या खोली-थर्मोस्टॅटच्या दुसऱ्या टोकाला माणूस होता. वरच्यांना गरम झालं की खाली घंटा वाजायची.

ती घंटा आजही एकाच बाजूने वाजते. पवईत दोन अंश चुकले तर माझा फोन वाजतो, "दादा, आजच या." मानखुर्दला दहा अंश चुकले तर कोणाचा फोन वाजतो?

प्रत्येक थर्मोस्टॅटमध्ये आणखी एक सेटिंग असतं. आकडा किती चुकल्यावर यंत्राने जागं व्हायचं? घरात आम्ही अर्धा किंवा एक अंश ठेवतो. सरकारी यंत्रणेत आमच्यासाठी हे सेटिंग किती ठेवलंय कोण जाणे. माणूस आडवा झाला तरी कॉम्प्रेसर सुरू होत नाही. गेल्या वर्षी आईला दुपारी स्वयंपाक करताना चक्कर आली. दवाखान्यात सलाइन लागलं. केसपेपरवर लिहिलं, अशक्तपणा. खोली किती तापली होती हे कोणी विचारलं नाही, आणि तेव्हा मीही मोजलं नव्हतं.

आणि आता सगळ्यात चीड आणणारं वाक्य: "तुम्हाला सवय असते." ते ग्राहक म्हणतात, साहेब लोक म्हणतात, आणि दुःख याचं की आमचे लोकही छाती काढून म्हणतात. "आपल्याला कसलं काय उकडतंय!" शरीराला थोडी सवय होते, हे खरं. पण शरीर घामाने गार होतं, आणि घाम वाळायला कोरडी, हलती हवा लागते. मुंबईची हवा ओली, आमच्या खोलीची थांबलेली. सवय घामाला वाळवत नाही. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर १४ माणसं उष्माघाताने गेली. उन्हातान्हात काम केलेली माणसं त्या गर्दीत नव्हती का? सवय हा शब्द आमच्या कणखरपणाचं कौतुक नाही. तो न केलेल्या कामाची पावती आहे.

काय करता येतं ते सगळ्यांना माहीत आहे. अहमदाबादने २०१३मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांची छपरं पांढरी रंगवली. तेलंगणने २०२३मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. परावर्तक पांढऱ्या रंगाने आतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकतं. गच्चीवर रंगाचे दोन हात, त्याला वाय-फाय लागत नाही. मुंबईनेही मार्च २०२२मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. कागद आहे. मला माझ्या डोक्यावरच्या स्लॅबवर रंग हवा आहे. आणि जी नवी पुनर्वसनाची घरं नकाशावर आहेत, त्यांच्यात तीन मीटरची सवलत नको. ज्या अंतरात अधिकारी स्वतःची मुलं वाढवणार नाही, त्या अंतरावर त्याने सही करू नये.

तुमच्या घरी एसी असेल तर २६ ठेवा आणि पंखा लावा. मी धंद्यातला माणूस सांगतोय, चालतं. पण त्या हिरव्या पानाने पोट भरू देऊ नका. तुमच्या रिमोटवरचा आकडा बदलायला जेवढा उत्साह आहे, तेवढा इमारतींमधल्या अंतराचा आकडा बदलायलाही दाखवा.

आणि तुम्ही आमच्यासारख्या खोलीत, पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली हे फोनवर वाचत असाल, तर एक काम करा. दोन-तीनशे रुपयांत घरात लावायचा डिजिटल थर्मामीटर मिळतो. चौघांत मिळून एक घ्या. आतल्या भिंतीवर, पाच फुटांवर, चुलीपासून आणि खिडकीपासून लांब लावा. दुपारी दोनला आणि रात्री अकराला फोटो काढा, तारखेसकट. आमच्या मजल्यावर आम्ही सुरू केलंय. एका वहीत आकडे उतरवायचं काम आईने घेतलंय. ती शाळेत तिसरीपर्यंतच गेली, पण आकडे झकास काढते. मे संपला की ती वही घेऊन आम्ही एम पूर्व विभागाच्या कार्यालयात जाणार आहोत. तिथल्या साहेबांच्या केबिनमध्ये एसी असेल. किती वर लावलाय, तेही आई वहीत लिहून आणणार आहे.