दर्जा एकाचा, आधार घराचा

गिरगावातील एका स्नेह्यांनी परवा घरी येऊन आपला पेच मांडला. त्यांचे चिरंजीव कोबे येथे मोत्यांच्या पेढीवर नोकरीस आहेत. सोबत पत्नी व चार वर्षांची कन्या. इंग्रजीवर कामकाज निभते, परंतु जपानी व्यापाऱ्यासमोर बसले की शब्द अडतो. म्हणून नोकरी सोडून, विद्यार्थ्याचा दर्जा घेऊन वर्षभर भाषाशाळेत जावे, असे त्यांच्या मनात आले. फीची तजवीज वडिलांनी केलीच होती. ‘शिक्षणच ते, त्यात अडचण कसली?’ हा त्यांचा प्रश्न.

कोबे आपल्या लोकांना परके नाही. 1923 च्या भूकंपानंतर योकोहामातील अनेक भारतीय व्यापारी तेथे स्थलांतरित झाले. 1985 साली कितानो भागात जैन मंदिरही उभे राहिले. तरीही तेथे राहण्याचे नियम नीट समजून घेतलेले बरे.

व्हिसा हा दारापर्यंतचा परवाना. आत राहण्याचा आधार म्हणजे निवासाचा दर्जा. तो कोणत्या कामासाठी राहतो यावर ठरतो. नोकरीचा दर्जा असलेल्याची पत्नी व मुले ‘कुटुंबीय’ म्हणून राहतात. मात्र भाषाशाळेतील विद्यार्थ्याच्या कुटुंबास हा दर्जा मिळत नाही. विद्यापीठातील विद्यार्थ्याच्या कुटुंबास तो मिळू शकतो. म्हणजे चिरंजीवांनी दर्जा बदलला की सूनबाई व नात यांच्या पायाखालचा आधारच निघून जाईल. शिवाय विद्यार्थ्यास वेगळी परवानगी घेऊन आठवड्यास 28 तासांपर्यंतच काम करता येते. घरभाडे त्यात कसे निघावे?

दर्जा न बदलता नुसती नोकरी सोडून शाळेत बसणे तर त्याहून धोक्याचे. नोकरी सुटल्यास 14 दिवसांत कळवावे लागते, आणि सबळ कारणाविना तीन महिने त्या दर्जाचे काम न केल्यास तो रद्द होऊ शकतो. ‘कोण पाहतो?’ हा विचार ज्याची साख शब्दावर चालते त्या व्यापाऱ्यास शोभत नाही.

मग भाषा शिकूच नये काय? अवश्य शिकावी. नोकरी सांभाळून संध्याकाळचे वा सुट्टीच्या दिवसाचे वर्ग करण्यास दर्जा आड येत नाही. विशेष म्हणजे, कुटुंबीय म्हणून राहणाऱ्या सूनबाईंना दर्जा न बदलता भाषाशाळेत जाता येते. हे ऐकून स्नेही क्षणभर गप्प झाले. मुलाच्या शिक्षणाचा हिशेब त्यांनी मांडला होता. सुनेचा कोणीच मांडला नव्हता. वास्तविक मुलीच्या शाळेतील सूचना, डॉक्टरांचे बोलणे, शेजाऱ्यांचा निरोप हे सारे त्यांच्याच वाट्याला येते.

अखेर त्यांनी फीची ती रक्कम सूनबाईंच्या नावे पाठविण्याचे ठरविले. चिरंजीव शनिवारचा वर्ग करणार आहेत.

ज्यांची मुले अद्याप निघायची आहेत, त्यांनी येथूनच आरंभ करावा. जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-5 ते एन-1 अशा पाच पायऱ्या असून तिचे केंद्र मुंबईतही आहे. पहिली पायरी घरी राहून चढता येते. आणि परदेशी दर्जा बदलण्यापूर्वी तेथील इमिग्रेशन कार्यालयात एकच प्रश्न आधी विचारावा: माझ्या कागदावर घरातील आणखी कोण उभे आहे?