आधी दस्तऐवज, मग यंत्र

संगणक बदलावा की बदलू नये, या प्रश्नावर औशातील तहसील कचेरीच्या परिसरात, झेरॉक्स व टायपिंगच्या दुकानांतून, हल्ली दोन मते नित्य कानी पडतात. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, सबब त्यावर चालणारे यंत्र निकामी झाले असे समजून नवे आणावे; आणि जो आणत नाही त्याला शिकण्याचा कंटाळा आहे. दुसऱ्या पक्षाचे सारे तत्त्वज्ञान ‘चालतंय तोवर चालू द्या’ या चार शब्दांत सामावते. दोन्ही पक्ष मला अग्राह्य वाटतात. कारण दोघेही यंत्राविषयी हिरिरीने बोलतात आणि त्या यंत्राच्या पोटात वर्षानुवर्षे जे दफ्तर साठले आहे त्याच्याविषयी चकार शब्द काढीत नाहीत.

प्रथम पहिला पक्ष घेऊ. उपर्युक्त तारखेस घडले ते एवढेच की, सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीप्रमाणे विनामूल्य पुरविणे कंपनीने थांबविले. घरगुती ग्राहकास नोंदणी करून त्या आणखी एक वर्ष मिळण्याची तजवीजही तिनेच ठेवली. यंत्र दुसऱ्या दिवशी पूर्ववत सुरू झाले. विंडोज ११ मात्र टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था असलेल्या आणि, इंटेलचा प्रोसेसर असल्यास, साधारणतः आठव्या पिढीच्या म्हणजे २०१७ नंतर बाजारात आलेल्या यंत्रांवरच अधिकृतपणे चालते. त्यामुळे २०१५-१६ साली पदरमोड करून घेतलेले, अद्याप धडधाकट असलेले यंत्र केवळ या अटींत बसत नाही म्हणून बाद ठरते. मंदगतीची तक्रार बहुधा फिरत्या हार्ड डिस्कमुळे असते; तिच्या जागी एसएसडी बसवून रॅम वाढविली तर तेच यंत्र आणखी काही वर्षे बिनतक्रार चाकरी करते. ज्याचे काम पत्रे लिहिणे आणि छापणे एवढेच आहे त्याला लिनक्सचा विनामूल्य मार्गही मोकळा आहे. मात्र अंगठ्याचे यंत्र आणि डिजिटल सही त्यावर चालेल की नाही याची शहानिशा आधी करून घ्यावी.

शिकण्याच्या कंटाळ्याचा आरोप तर सर्वस्वी अन्यायाचा आहे. ज्याने तरुणपणी रेमिंग्टन मांडणीच्या टंकयंत्रावर बोटे बसविली, पुढे संगणक आल्यावर त्यावर जम बसविला, विंडोज ९८ पासून आजवरची प्रत्येक आवृत्ती पोटासाठी आत्मसात केली आणि ऑनलाइन दाखल्यांची नित्य बदलणारी संकेतस्थळेही अंगवळणी पाडून घेतली, त्या दस्तलेखकास आळशी म्हणण्याचा अधिकार यंत्र विकणाऱ्यास कोणी दिला? तो अडतो, त्याचे कारण निराळे आहे. खरेदीखते, वाटणीपत्रे, बक्षीसपत्रे, प्रतिज्ञापत्रे यांचे शेकडो नमुने त्याने जुन्या फॉन्टमध्ये टंकित करून ठेवले आहेत आणि तीच त्याची खरी पुंजी आहे.

हे फॉन्ट कसे चालत हे नीट समजून घेतले पाहिजे. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये लिहिलेला ‘क’ हा संगणकाच्या लेखी ‘क’ नसतोच. तेथे नोंद होते ती १०० या अंकाची, म्हणजे इंग्रजीतील लहान ‘डी’ची, फॉन्ट केवळ त्या अक्षरावर मराठी चित्र चढवितो. फॉन्ट नसला की चित्र गळते आणि इंग्रजी अक्षरांचे निरर्थक कडबोळे शिल्लक राहते. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा २३२५ हा अंक आहे, तो कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहतो. शिवाय अनुक्रमही उलटतो. आपल्या तालुक्यातील ‘किल्लारी’ हे नाव जुन्या पद्धतीने लिहिताना आधी वेलांटी, मग ‘क’. युनिकोडमध्ये आधी ‘क’, मग वेलांटी. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर उमटतो, युनिकोडमध्ये त्याचा ‘र’ आधी येतो. रूपांतर करणारे सॉफ्टवेअर येथेच घसरते आणि ‘कार्यालया’चे ‘कायार्लय’, ‘सूर्यवंशी’चे ‘सूयर्वंशी’ होते. अर्जात हे एक वेळ खपेल. नोंदणी झालेल्या खरेदीखतात मालकाचे आडनाव असे उमटले तर चूक दुरुस्ती पत्राचा खर्च आणि हेलपाटे पक्षकाराच्याच माथी येतात. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध दस्तलेखकास विक्रेत्याने ‘सगळे जसेच्या तसे येईल’ असा निर्वाळा दिला होता. नव्या यंत्रावर वाटणीपत्राचा नमुना उघडला तेव्हा गट क्रमांक आणि चतुःसीमा यांच्या जागी तेच कडबोळे उभे होते. आणि हार्ड डिस्कसह जुने यंत्र तर मोबदल्यात देऊन टाकलेले.

यावर कोणी म्हणेल की, पेन ड्राइव्हवर नक्कल घेतली असती तर भागले असते. भागले नसते. फाईल हाती असणे आणि मजकूर वाचता येणे यांत महदंतर आहे. आपण निजामी राजवटीतून १९४८ साली मुक्त झालो. त्या काळचे उर्दू-फारसी कागद आणि मोडीतील दफ्तरे २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामात पुन्हा बाहेर निघाली. वाचणारे जाणकार शोधावे लागले, परंतु ते मिळताच कागद बोलू लागला. कारण त्या लिप्या सार्वजनिक होत्या, त्या शिकता येत होत्या. फॉन्टची सांकेतिक मांडणी मात्र ज्या त्या कंपनीची खासगी, एकीची दुसरीला न कळणारी. आणि ही अपरिहार्यता मुळीच नव्हती. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही प्रमाण संहिता १९८८ साली सिद्ध होऊन १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली होती, आणि युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ सालीच, देवनागरीला स्थान मिळाले होते. प्रमाण असताना बाजाराने खासगी वाट धरली, आणि तिचा दंड आज औशाचा दस्तलेखक भरीत आहे.

म्हणून दुसरा पक्ष खरा ठरतो काय? तोही नाही. ज्या यंत्रावर लोकांचे आधार क्रमांक, बँकेचे खाते आणि जमिनीचे कागद रोज हाताळले जातात, ते सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे परक्याची ठेव उघड्यावर मांडणे होय. त्यात जोखीम दुकानदारापेक्षा पक्षकाराची अधिक. हार्ड डिस्क बंद पडताना पूर्वसूचना देईलच असे नाही. जुने मराठी सॉफ्टवेअर ज्या डोंगलवाचून चालत नाही, तो प्रिंटरच्या ज्या जुन्या पोर्टात बसे, ते पोर्ट नव्या यंत्रांवर आता सहसा नसते. आणि सोळा बिटी काळातले सॉफ्टवेअर विंडोज ११ मुळीच चालवीत नाही. थांबल्याने ही अडचण वर्षागणिक वाढतच जाते.

यास्तव माझा पक्ष असा की, बदल अवश्य करावा, परंतु जुने यंत्र चालू असतानाच, आणि दस्तऐवजांपासून. नित्य लागणारे नमुने आधी युनिकोडमध्ये आणावेत. प्रत्येकातील नावे, गट क्रमांक, रफार आणि जोडाक्षरे यांची मूळ छापील प्रतीशी माणसाने डोळ्यांनी रुजुवात घालावी. उरलेल्या फायली जुन्या यंत्रावरूनच पीडीएफ करून ठेवाव्यात, म्हणजे निदान वाचता तरी येतील. युनिकोडमध्येही रेमिंग्टन मांडणी उपलब्ध असल्याने बोटांना नवे वळण लावण्याची गरज नाही. विक्रेत्याने या स्थलांतराची हमी पावतीवर लेखी द्यावी, अशी मागणी ग्राहकाने संकोच न धरता करावी. ती देणार नाही त्याच्याकडून यंत्र घेऊ नये. नवे आल्यावर जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून निदान एक वर्ष कोपऱ्यात जपावे, कारण कुठला पक्षकार कुठल्या सालचे वाटणीपत्र मागत येईल याचा नेम नसतो. आणि ते अखेर भंगारात द्यायचेच ठरले तर हार्ड डिस्क काढून स्वतःजवळ ठेवावी. नुसत्या पुसून टाकलेल्या फायली जाणकाराला पुन्हा बाहेर काढता येतात, आणि त्या पक्षकारांच्या आहेत.