फोन ठेवा, कागद घ्या, तीन वाक्ये लिहा



आज, उद्या, फार तर पुढच्या आठवड्यात तुमच्यापैकी कोणाचा तरी फोन वाजेल. पलीकडचा माणूस स्वतःला सीबीआयचा, ईडीचा नाहीतर मुंबई पोलिसांचा अधिकारी म्हणवेल. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुमच्या आधार क्रमांकावर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरलाय, असे सांगेल. मग व्हिडिओ कॉल. पडद्यावर खाकी वर्दी, मागच्या भिंतीवर अशोकस्तंभ. “तुम्हाला डिजिटल अरेस्ट केले आहे. कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही. घरात कोणाला सांगायचे नाही. चौकशी संपेपर्यंत तुमची ठेव आम्ही सांगतो त्या खात्यात वळवा.”

या सापळ्यात निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक, बँकेत हयात घालवलेली माणसे अडकली आहेत. ती अडाणी नव्हती. सुटायला लागणारी माहिती त्यांच्यापाशी होती. त्या घाबरलेल्या घटकेला ती एकाखाली एक मांडून बघणे तेवढे राहून गेले. म्हणून हे आवाहन. कोणी घाई करत असेल, धाक घालत असेल किंवा फुकटचे आमिष दाखवत असेल, तर आधी फोन ठेवा. कागद घ्या. आपल्याला नक्की ठाऊक असलेल्या दोन गोष्टी लिहा. तिसरी त्यातूनच निघते.

तर्कशास्त्रात याला निगामी अनुमान म्हणतात. आधारविधाने खरी असतील आणि मांडणी बरोबर असेल, तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही. तुमच्या सोसायटीत ३६७ माणसे राहत असतील, तर त्यांतल्या निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येतो. २९ फेब्रुवारी धरूनही तारखा ३६६ च आहेत. कोणाचा जन्मदाखला मागवायला नको, दारोदार विचारायलाही नको. घरबसल्या सिद्ध झाले. हीच ताकद त्या व्हिडिओ कॉलसमोर वापरायची आहे.

पहिली मांडणी. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदानुसार अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावेच लागते. (प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवाद आहे, पण तिथे सरकारी आदेश लागतो.) हा फोनवरचा माणूस तर दोन-तीन दिवस घरातच, कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतोय आणि न्यायालयाचे नावही घेत नाही. म्हणजे ही कायदेशीर अटक नव्हे.

दुसरी मांडणी. अटक झाली की त्या माणसाच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये हे बजावले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे. हा माणूस म्हणतो, कोणाला सांगू नका. जे कायदा करायला लावतो, तेच हा करू देत नाही. म्हणजे तो कायद्याने वागत नाही.

तिसरी मांडणी सर्वांत छोटी. कायद्यात नसलेल्या प्रकाराने कोणाला अटक करता येत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची तरतूद भारतातल्या एकाही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी रेडिओवरून हेच सांगितले होते. म्हणजे तुम्हाला अटक झालेली नाही. खुर्चीवरून उठा, दार उघडा, शेजाऱ्याला हाक मारा.

तिन्हींपैकी एक पुरे. आणि एक बारकावा लक्षात घ्या. तो माणूस तोतया आहे, हे तुम्हाला सिद्ध करावे लागलेच नाही. समजा तो खरोखरचा पोलीस निघाला, तरी निष्कर्ष जागचा हलत नाही: ही अटक कायदेशीर नाही आणि पैसे देणे लागत नाही. “पण खरा असला तर?” हा प्रश्नच माणसाला फोन ठेवू देत नाही. त्याचे उत्तर आपल्याला नको आहे, हे कळले की निम्मी भीती उतरते.

आता यूपीआय. तुम्ही जुना सोफा विकायची जाहिरात टाकता. गिऱ्हाईक घासाघीस न करता तयार होते, क्यूआर कोड पाठवते आणि म्हणते, “स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.” लिहा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. हा पिन मागतोय. म्हणून हा पैसे घ्यायचा व्यवहार नव्हे. तो कसला व्यवहार आहे, याचा शोध घेत बसू नका. थांबायला एवढे पुरे.

तिसरा प्रकार विजेचा. “मागील बिल भरले नसल्याने आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल. या मोबाइलवर संपर्क करा.” असले निरोप राज्यभर फिरले, महावितरणलाही ग्राहकांना सावध करावे लागले. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ५६ सांगते, थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मला तशी नोटीस आलेली नाही. म्हणून थकबाकीपोटी आज रात्री माझी वीज कायद्याने तोडता येत नाही. सकाळी कार्यालयात जाऊन विचारायला भरपूर वेळ आहे.

गुंतवणुकीचे आमिष तर साध्या गणितात उघडे पडते. दरमहा १० टक्के हमखास, असे कोणी सांगितले की चक्रवाढ करून बघा. एक लाखाचे वर्षात तीन लाखांवर जातात आणि पाच वर्षांत तीन कोटींवर. ज्याला ही किमया खरोखर साधली आहे, त्याला तुमच्या लाखाची गरज नाही. तो तर तुमच्या लाखासाठी दिवसातून चार फोन करतोय. निष्कर्ष तुम्हीच लिहा.

इथवर प्रश्न पैशांचा होता. पैसे जातात, कधी परतही मिळतात. उलटा चाललेला तर्क मात्र माणसे मारतो, आणि ते आपल्या महाराष्ट्रात घडले आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुले पळवणारी टोळी आल्याचे निरोप मोबाइलवरून आधीच गावोगाव पोहोचले होते. जमावाने त्या पाच जणांना ठेचून मारले, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून.

त्या दिवशी जमावाच्या डोक्यात जे चालले होते ते कागदावर असे उतरते: मुले पळवणारे लोक अनोळखी असतात. हे लोक अनोळखी आहेत. म्हणून हे मुले पळवणारे आहेत. वरकरणी तीन वाक्यांची नीट मांडणी. पण याच साच्यात दुसरे शब्द घाला: गाईला चार पाय असतात. टेबलाला चार पाय आहेत. म्हणून टेबल म्हणजे गाय. पहिली दोन वाक्ये खरी, तिसरे खुळे. साचाच फुटका आहे, त्यात काहीही ओता.

आपल्या न्यायदर्शनाने, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राने, हा दोष फार पूर्वी पकडला होता. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असे म्हणता येते, कारण आगीशिवाय धूर नसतो. पण आग दिसली म्हणून धूर असलाच पाहिजे, असे नाही. नैयायिक, म्हणजे त्या दर्शनाचे पंडित, त्यासाठी तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करत: आग आहे, धूर नाही. व्याप्ती, म्हणजे ‘जिथे हे तिथे ते’ हा नियम, एका दिशेने जाते, उलट्या दिशेने जाईलच असे नाही. ‘अनोळखी’ हा हेतू, म्हणजे अनुमानासाठी धरलेली खूण, चोरालाही लागू आणि पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्या गोसाव्यालाही लागू. अशा हेतूतून काहीच सिद्ध होत नाही. हे त्या बाजारात एकाने मोठ्याने विचारले असते, “गावात येणारा प्रत्येक परका माणूस चोर असतो का?” तर हात कदाचित थांबले असते. पाच माणसे गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. पण ती अंगठ्याला घातलेली मर्यादा आहे. डोक्याला शिस्त आपणच लावायची आहे.

हाच फुटका साचा तोतयाच्याही कामी येतो. अधिकाऱ्याकडे ओळखपत्र असते, याने ओळखपत्र दाखवले, म्हणून हा अधिकारी. त्याला माझे नाव, पत्ता, आधार क्रमांक माहीत आहे, सरकारलाही ते माहीत असते, म्हणून हा सरकारचा माणूस. दोन्ही ठिकाणी टेबलाची गाय झाली आहे.

आणखी एक इशारा. मांडणी कितीही चोख असली तरी वरचे विधान खोटे असेल, तर निष्कर्षाची हमी उरत नाही. म्हणून प्रत्येक वाक्यापुढे स्वतःला विचारा: हे मला कुठून कळले? संविधानातून, कायद्यातून, बँकेच्या सूचनेतून, की चार जणांनी पुढे ढकललेल्या निरोपातून? शेवटच्या प्रकारातले वाक्य कागदावर घेऊच नका.

वेळ थोडा आहे, म्हणून प्रत्येकाने आपल्या वाट्याचे काम उचलावे.

घरातल्या कर्त्या मंडळींनी आजच आई-वडिलांजवळ बसावे आणि वरच्या मांडण्या त्यांच्याच अक्षरात लिहून घ्याव्यात. नुसते “असल्या फोनना भुलू नका” म्हणून भागत नाही. ऐन वेळी आठवते ते स्वतः लिहिलेले.

शिक्षकांनी महिन्यातून एक तास यासाठी काढावा. तर्कशास्त्र हा विषय अकरावी-बारावीला आहे, पण गाय आणि टेबल सहावीच्या मुलालाही कळते. मुलांना त्यांच्याच फोनवर आलेले निरोप आणायला सांगा आणि फळ्यावर उलगडा.

ज्येष्ठ नागरिक संघ, बचत गट, गणेश मंडळे यांनी पुढच्या बैठकीत हे आवाहन वाचून दाखवावे. बँकेतल्या मंडळींनी, एखादे आजोबा घामाघूम होऊन ठेव मोडायला आले आणि कारण सांगेनात, तर त्यांना बसवावे, पाणी द्यावे, विचारावे.

गावच्या सरपंचांनी, पोलीस पाटलांनी टोळीचा निरोप आला की जमाव जमण्याआधी ११२ वर कळवावे. परक्या माणसाचा संशय आला तर त्याला विचारायचा अधिकार पोलिसांचा आहे, आपल्या काठीचा नाही.

आणि ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांनी लाजेपोटी गप्प बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर नोंद होते, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त.

हे वाचून झाल्यावर एक काम करा. एका कागदावर ठळक अक्षरात लिहा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. फोनवर अटक होत नाही. अनोळखी म्हणजे चोर नव्हे. खाली १९३० लिहा. तो कागद आज रात्री झोपण्याआधी घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा जागी चिकटवा.