फसलेल्या मोहिमेची हकीकत

शौर्याच्या गोष्टी मुलांस आवडतात ह्यात नवल नाही. वाचनालयातील युद्धकथांची पाने सर्वांत आधी सुटतात, आणि ह्या वार्षिकाकरिता येणाऱ्या निबंधांतही किल्ला सर झाल्याचे, शत्रू पळाल्याचे व निशाण फडकल्याचे वर्णन बहुधा असतेच. ह्या आवडीस आमचा विरोध नाही. परंतु जी मोहीम फसली, जिच्यातील माणसे इष्ट स्थळी पोहोचलीच नाहीत, तिची हकीकत तिच्यातील सैनिकाच्याच तोंडून ऐकण्याचा योग मुलांस क्वचित येतो. आमच्या मते चारित्र्याच्या घडणीस विजयाच्या दहा कथांपेक्षा अशी एक हकीकत अधिक उपकारक आहे. मात्र ती सांगणारा प्रामाणिक असला पाहिजे. आणि तो तसा आहे हे कशावरून ओळखावे, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. १९७१ सालच्या भारत-पाकिस्तान युद्धात फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर ह्या मराठी वैमानिकाचे सुखोई-७ जातीचे विमान १० डिसेंबर रोजी पाडण्यात आले व ते स्वतः शत्रूच्या हाती सापडले. हेच परुळकर १९६५ च्या युद्धात खांद्यास गोळी लागली असताही आपले विमान तळावर सुखरूप घेऊन आले होते. रावळपिंडीच्या छावणीत त्यांच्यासह भारतीय हवाई दलाचे बारा वैमानिक बंदिवान होते. युद्ध डिसेंबरातच संपले; पण महिन्यांमागून महिने लोटले तरी सुटकेचे चिन्ह दिसेना. तेव्हा परुळकरांनी निसटून जाण्याचा बेत रचला. मलविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी हे त्यांचे सोबती झाले. पूर्वेकडील सीमेवर दोन्ही देशांची सैन्ये समोरासमोर उभी होती. म्हणून उलट दिशेने, पेशावर व खैबरखिंड ओलांडून अफगाणिस्तानात शिरावयाचे असे ठरले.

कोठडीच्या भिंतीच्या विटा हाती लागतील त्या हत्यारांनी सैल करीत करीत भोक पाडण्यात आले. १३ ऑगस्ट १९७२ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, वादळी हवेचा आडोसा घेऊन तिघे बाहेर पडले. पकडले गेल्यास सांगावयाची नावेही ठरलेली होती: परुळकर झाले फिलिप पीटर, सिंहजी झाले हॅरल्ड जेकब, आणि ग्रेवाल झाले अली अमीर. मोटारगाडीने पेशावर व तेथून खैबरखिंडीतील लंडी कोतल हे गाव त्यांनी त्याच दिवशी गाठले. सीमा अवघी चारपाच मैलांवर राहिली होती. आठ महिन्यांचा बंदिवास थोड्याशा चालीने संपावयाचा होता.

येथे त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: लंडी खान्यास कसे जावे? त्यांच्याजवळच्या नकाशात आगगाडीचा रस्ता लंडी खाना ह्या स्थानकापर्यंत दाखविलेला होता. हे स्थानक १९२६ साली उघडले खरे. परंतु १९३२ च्या डिसेंबरात ते बंद झाले होते. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्थानकाची वाट विचारणारे हे परके तरुण कोण, असा संशय तहसील कचेरीच्या एका कारकुनास आला. त्या काळी बंगाली लोक पाकिस्तानातून अफगाणिस्तानात निसटून जात असत. हेही त्यांतलेच असावेत असे त्याने मानले. तिघेही तहसीलदारापुढे उभे करण्यात आले, आणि मोहीम तेथेच संपली.

ह्या चुकीचे मर्म अंधेरी-कुर्ल्याकडील वाचकांस चटकन उमगेल. १९२८ साली ट्रॉम्बेपासून कुर्ल्यावरून अंधेरीपर्यंत एक लोहमार्ग सुरू झाला व १९३४ साली तो बंदही झाला. त्या काळचा नकाशा हाती घेऊन आज कोणी अंधेरी स्थानकावर ट्रॉम्बेच्या गाडीची चौकशी करू लागला, तर हमालदेखील त्याच्याकडे वळून पाहील. नकाशात लबाडी काहीच नाही. तो जुना आहे इतकेच. पण सैनिकाच्या बाबतीत एवढ्यावर स्वातंत्र्य व बंदिवास ह्यांचा निकाल लागतो.

आता ही चूक आपणांस कळली कशी? मुख्यतः त्या बंदिवानांनीच ती सांगितली म्हणून. भिंत फोडल्याचे शौर्य तेवढे वर्णावे आणि दैव आडवे आले म्हणून गोष्ट संपवावी, हे त्यांना सहज शक्य होते. कोणी हरकत घेतली नसती. परंतु त्यांनी लंडी खान्याचा प्रश्न झाकून ठेवला नाही. आपली चूक नेमक्या शब्दांत सांगणे, ही प्रामाणिक हकीकतीची पहिली खूण होय.

दुसरी खूण अशी की, सांगणारा शत्रूसही त्याचे श्रेय देतो. तहसीलदारापुढे प्राणाशी गाठ पडली, तेव्हा परुळकरांनी एक युक्ती केली. आपण पाकिस्तानी हवाई दलाचे नोकर आहोत असे सांगून त्यांनी स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद ह्यांच्याशी टेलिफोनवर बोलू द्यावे अशी विनंती केली. हे गृहस्थ पूर्वी त्याच छावणीचे प्रमुख होते. आवाज ऐकताच त्यांनी सर्व ओळखले. आणि ही आमचीच माणसे आहेत, त्यांस इजा न करता ताब्यात ठेवा, अशा अर्थाचा निरोप तहसीलदारास दिला. त्या एका निरोपाने तिघांचे प्राण वाचले. शत्रूच्या अधिकाऱ्याचे हे औदार्य भारतीय वैमानिकांनी पुढे कृतज्ञतेने जगास सांगितले, ही गोष्ट आमच्या मते त्या फोडलेल्या भिंतीपेक्षा मोठी आहे.

तिसरी खूण म्हणजे मागे राहिलेल्यांचे स्मरण. ह्याच छावणीत स्क्वाड्रन लीडर धीरेंद्र जाफा हे पाठीच्या कण्यास जबर दुखापत झालेल्या स्थितीत बंदिवान होते. त्यांनी 'डेथ वॉझन्ट पेनफुल' ह्या आपल्या पुस्तकात त्या दिवसांची हकीकत लिहिली. तीवरून ध्यानात येते की, पळाले तिघे असले तरी बेत केवळ तिघांचा नव्हता. जे मागे राहिले त्यांनी मदत केली, जोखीम पत्करली, आणि बेत उघडकीस आल्यावर त्याचे चटकेही सोसले. पुढे लायलपूरच्या तुरुंगातून सर्वांची सुटका होऊन १ डिसेंबर १९७२ रोजी त्यांनी वाघा येथे मायभूमीवर पाऊल ठेवले. परुळकरांना ह्या साहसाबद्दल विशिष्ट सेवा पदक मिळाले. ते ऑगस्ट २०२५ मध्ये निवर्तले.

ह्याच्या उलट एक उदाहरण घेऊ. हल्ली कमांडो दलांच्या मोहिमांची पुस्तके मुले फार आवडीने वाचतात. त्यांत ब्रिटनच्या स्पेशल एअर सर्व्हिस ह्या दलातील 'ब्राव्हो टू झिरो' नावाच्या तुकडीची कथा प्रसिद्ध आहे. १९९१ च्या जानेवारीत आठ सैनिक इराकच्या वाळवंटात उतरविण्यात आले. त्यांस दिलेल्या बिनतारी यंत्राच्या लहरींचे आकडेच चुकीचे होते; थंडी कडाक्याची पडली; आणि तुकडी शत्रूच्या दृष्टीस पडली. तिघे मृत्युमुखी पडले, चौघे पकडले गेले, आणि एकटा पायी चालत सीरियात पोहोचला. तुकडीच्या नायकाने १९९३ साली अँडी मॅक्नॅब ह्या टोपणनावाने पुस्तक लिहिले. सीरियात पोहोचलेल्याने १९९५ साली ख्रिस रायन ह्या नावाने दुसरे लिहिले. दोहोंत मेळ बसेना. रायन ह्यांच्या पुस्तकात मृत सोबत्यांपैकी एकावर ठपका आला. त्याच्या घरच्यांस ते फार लागले. पुढे मायकेल अॅशर ह्या लेखकाने इराकात जाऊन तेथील लोकांस विचारपूस केली, तेव्हा लढाईची कित्येक वर्णने फुगविलेली आहेत असे त्याचे मत झाले.

त्या सैनिकांनी सोसलेले हाल खोटे होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु ज्यास उत्तर देता येत नाही अशा मृताच्या माथी दोष ठेवणे ही सैनिकाच्या लेखणीस न शोभणारी गोष्ट आहे. वाचकांनी असे पुस्तक हाती घेताच एवढे पाहावे की, लेखकाच्या हकीकतीत चुकतो कोण? नेहमी दुसराच चुकत असेल, तर पुस्तक मनोरंजनासाठी वाचावे. त्यास साक्ष मानू नये.

कोणी पालक म्हणतील की, परुळकरांनी खोटी नावे सांगितली, हा आदर्श मुलांपुढे कशास ठेवावा? शंका रास्त आहे. ह्यावर आमचे उत्तर असे. युद्धबंदीने सुटकेसाठी साधा वेष घेणे किंवा खोटे कागद बाळगणे, ह्यास १९४९ च्या जिनिव्हा करारानेही केवळ शिस्तभंग मानले आहे. त्यास गुन्हेगाराची शिक्षा सांगितलेली नाही. सीमेवर शत्रूस चकविणे निराळे, आणि घरी परतल्यावर स्वकीयांस चकविणे निराळे. ज्यांनी तहसीलदारास खोटी नावे सांगितली, त्यांनीच आपल्या देशबांधवांस खरी चूक सांगितली. मुलांनी हा भेद समजून घ्यावा.

आणि हा प्रश्न केवळ सैनिकांचा नाही. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील कित्येक घरांत आईबाप गाडीच्या गर्दीतून रात्री थकून येतात, आणि गुणपत्रिका पाहून एकच प्रश्न विचारतात: इतकेच का? ह्या प्रश्नास मूल काय उत्तर देणार? प्रश्नपत्रिका कठीण होती, शिक्षकांनी शिकविले नाही, शेजारचा बोलत होता. पाहता पाहता तेही दुसऱ्यावर ठपका ठेवणारी हकीकत रचण्यास शिकते. त्याऐवजी "कोठे चुकले ते सांग, आम्ही ऐकतो" असे आईने वा बाबांनी म्हटले, आणि खरोखरच मध्ये न बोलता ऐकले, तर मूल आपला लंडी खाना आपण होऊन दाखवील. शिक्षकांनीही वर्गात कमी गुणांची यादी मोठ्याने वाचण्यापेक्षा हे ऐकण्यास थोडा वेळ काढावा. जे मूल अपयश खरेपणाने सांगू शकत नाही, ते मोठ्या संकटात सापडल्यावर आपल्या दारी येणार नाही, ह्याची जाणीव आपण सर्वांनी ठेविली पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, पुढील वर्षाच्या अंकाकरिता आम्ही तुमच्याकडे एक मागणे मागतो. विजयाचे निबंध अवश्य पाठवा. पण त्यांजबरोबर एक फसलेला उद्योगही लिहून पाठवा. हरलेला सामना असो, विज्ञानप्रदर्शनात बंद पडलेले यंत्र असो, की वाट चुकलेली सहल असो. लिहिताना तीन गोष्टी सांभाळा: आपली चूक नेमकी सांगा, प्रतिपक्षाचे चांगले ते लपवू नका, आणि ज्यांनी मदत केली त्यांची नावे गाळू नका. अशा निबंधांस ह्या पानांत आम्ही आनंदाने जागा देऊ.